कला की मिल?

(पडद्यावर: स्कोपची चकती फिरवणारी बोटं. फक्त क्लिकचा आवाज.)

टक्. टक्. टक्. रायफलच्या स्कोपवरची ही चकती, म्हणजे टरेट, फिरवली की प्रत्येक क्लिकला गोळी लागण्याची जागा थोडी सरकते. किती, ते चकतीवरच कोरलेलं असतं. एकीवर पाव एमओए, दुसरीवर ०.१ मिल. नवा नेमबाज स्कोप घेताना इथेच अडतो.

एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल. नाव परकं वाटतं, पण माप आपल्या घरात आहे. पंचांग उघडा. ग्रहांची स्थिती राशी, अंश, कला, विकला अशी दिलेली असते. एका अंशाच्या ६० कला, आणि त्यातली एक कला म्हणजेच एक एमओए. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला दिसतो सुमारे ३० कलांचा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्य मिळवलं, त्यात दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे पाऊण कलेपेक्षाही लहान!

मिलचं घराणं वेगळं. वर्तुळाच्या त्रिज्येएवढा दोरा परिघावर बसवला की होतो एक रेडियन, सुमारे ५७.३ अंश. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलीरेडियन, अर्थात मिल. म्हणून १००० मीटरवर एक मिल म्हणजे एक मीटर, १०० मीटरवर दहा सेंटिमीटर. आणि ०.१ मिलच्या एका क्लिकला एक सेंटिमीटर. सेंटिमीटरवर वाढलेल्या आपल्यासारख्यांचा हिशेब तोंडी होतो.

मिल जास्त अचूक, असं बरेचदा ऐकू येतं. ते खरं नाही. पाव एमओएचा क्लिक १०० मीटरवर सात मिलिमीटरच सरकवतो, म्हणजे उलट थोडा बारीकच. खरा घोटाळा पाठ करून ठेवलेल्या एका वाक्यात आहे: '१०० यार्डांवर एक एमओए म्हणजे एक इंच.' नेमकं माप १.०४७ इंच. जवळ हा फरक जाणवत नाही. पण १००० यार्डांवर गोळी ३१४ इंच खाली येत असेल, तर त्या वाक्याच्या भरवशावर ३१.४ एमओए फिरवले जातात. हवे असतात ३०. गोळी दीड वीत वर निघून जाते.

(पडद्यावर: स्कोपमधून दिसणारा कागदी निशाणा.)

आता हे पाहा. गोळी मध्याच्या उजवीकडे लागली. काचेतल्या रेघांवर, म्हणजे रेटिकलवर, मोजलं तर ०.७ मिल. चकतीही मिलची असेल तर सात क्लिक डावीकडे, झालं काम. अंतर किती, इंच किती, काही विचारायला नको. पण रेटिकल मिलचं आणि चकती एमओएची, असेही स्कोप वर्षानुवर्षं विकले गेले. एक मिल म्हणजे ३.४४ एमओए, आणि पाव एमओएच्या चकतीवर एका एमओएला चार क्लिक. म्हणून तिथे ०.७ ला ३.४४ ने गुणा, मग चारने गुणा, तेव्हा कुठे उत्तर येतं: दहाच्या आसपास क्लिक. तोवर वारा फिरलेला असतो.

म्हणून दुकानात स्कोप हातात घेतलात की आधी रेटिकल आणि चकती, दोन्हींवर एकच माप आहे ना, ते बघा. आणि शेजारी बसून तुमची गोळी कुठे लागली ते जो सांगणार आहे, त्याच्या दुर्बिणीत मिल असेल, तर तुमच्याही स्कोपवर मिलच घ्या.