‘छाया : प्रतिनिधी’ आणि व्हिएतनामचा एक फोटो

नमस्कार मंडळी. २३ सप्टेंबर २०२३ आठवतो ना? नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला, पहाटे लोकांच्या घरात पाणी शिरलं. मी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काढलेला एक फोटो दुसऱ्या दिवशी एका पेपरात छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘छाया : प्रतिनिधी’. मूळ फाइल तारीख-वेळेसकट दाखवली, तेव्हा कुठे माझं नाव छापलं.

आता ८ जून १९७२ ला चला. व्हिएतनाममधलं त्रांग बांग. दक्षिण व्हिएतनामच्याच विमानानं टाकलेल्या नापामनं, म्हणजे अंगाला चिकटून जळणाऱ्या इंधनाच्या बॉम्बनं, भाजलेली नऊ वर्षांची किम फुक रस्त्यावरून धावतेय. अंगावर कपडाही नाही. एपी या वृत्तसंस्थेनं फोटो निक उत यांच्या नावानं दिला आणि १९७३ चं पुलित्झर, पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, त्यांना मिळालं.

जानेवारी २०२५ मध्ये एका माहितीपटात एपीच्या सायगाव ऑफिसातले तेव्हाचे फोटो एडिटर कार्ल रॉबिन्सन म्हणाले, ‘फोटो एका स्ट्रिंगरचा, म्हणजे कामापुरते पैसे घेणाऱ्या बाहेरच्या फोटोग्राफरचा होता. साहेब हॉर्स्ट फास यांनी मला उत यांचं नाव टाकायला लावलं.’ फास २०१२ मध्येच गेले, त्यांना विचारणार कसं? ते स्ट्रिंगर म्हणजे न्युएन थान न्गे. ते सांगतात, मला २० डॉलर आणि एक प्रिंट मिळाली. उत यांना हे साफ नामंजूर आहे.

स्ट्रिंगरनं रोल विकला की निगेटिव्हही गेलं. माझ्याकडे फाइल तरी होती. त्या माणसाकडे काय उरणार?

मे २०२५ मध्ये एपीनं ९७ पानांचा अहवाल काढला. फोटो बहुधा पेंटॅक्स कॅमेऱ्यानं काढलेला, असं त्यात निघालं. उत मात्र वर्षानुवर्षं लायका सांगत आले. स्वतःला अडचणीची ही गोष्ट एपीनं लपवली नाही, याचा मला आदर वाटतो. पण नाव बदलण्याइतका पुरावा नाही म्हणून श्रेय उत यांचंच राहिलं. याच फोटोला पुरस्कार देणाऱ्या वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेनं त्याच महिन्यात उत यांचं श्रेय स्थगित केलं, फोटोला दिलेला आपला पुरस्कार तेवढा कायम ठेवला. मला हेच जास्त प्रामाणिक वाटतं.

उत यांना खोटं ठरवायला मात्र जीभ धजत नाही. फोटोनंतर त्या पोरीला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं.

गडचिरोली, भंडाऱ्याहून रोज फोटो पाठवणाऱ्या माझ्या मित्रांनो, मूळ फाइल स्वतःजवळ ठेवता ना?