पदवी नाही, पण काम येतं

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल 2020 आठवतोय? अमेरिकेत लाखो लोकांची कामं एका झटक्यात गेली आणि बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा सरकारी संगणकांवर आदळला. न्यू जर्सी राज्याची ती यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी, कोबोल नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेली. तिथले गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत सांगून टाकलं, आम्हाला आरोग्यसेवक स्वयंसेवक तर हवेतच, पण कोबोल येणारी माणसंही हवीत. ही भाषा जन्मली 1959 मध्ये! 2000 साल लागताना जुने संगणक तारखा चुकवतील म्हणून जी वाय-टू-केची धामधूम झाली, तिच्यात जी मराठी मुलं कोबोल शिकून तिकडे गेली, त्यांना हसावं की रडावं तेच कळलं नसेल.

गोष्ट एकट्या न्यू जर्सीची नाही. अमेरिकेचं केंद्र सरकार, म्हणजे तिथल्या भाषेत फेडरल सरकार, वर्षाला शंभर अब्ज डॉलरहून जास्त पैसे आयटीवर घालतं, आणि त्यातला बहुतेक पैसा जुनी यंत्रणा चालती ठेवण्यातच संपतो. ती चालवायला माणसं लागतात. मोठ्या कंपन्यांएवढा पगार सरकार देऊ शकत नाही. मग माणसं आणायची कुठून?

एक उत्तर आहे कम्युनिटी कॉलेज. आपल्याकडे कम्युनिटी म्हटलं की जात-समाज डोळ्यांपुढे येतो, तसं हे नव्हे. इथे कम्युनिटी म्हणजे आजूबाजूची वस्ती. 1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावी, हायस्कूलच्याच आश्रयाने, सहा विद्यार्थ्यांवर अशा पहिल्या सरकारी कॉलेजची सुरुवात झाली. आज देशभरात अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, फी कमी आणि प्रवेशाला गुणांची कट-ऑफ नाही.

मी मेरीलँडला राहत होते तेव्हा अशाच एका कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला जायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलेल्या, डिपेंडंट व्हिसावरच्या आमच्यासारख्या बायकांना शिकायला परवानगी होती, नोकरीला नव्हती. माझ्या बाकावर दिवसभर गोदामात खोकी उचलून आलेला एक मुलगा बसायचा. पलीकडे लष्करातून परतलेले एक गृहस्थ. नेटवर्क कसं बांधायचं, घुसखोरी कशी ओळखायची, हे सगळं हाताने करून शिकवत. संगणक-सुरक्षेची सिक्युरिटी प्लस नावाची एक परीक्षा असते, संरक्षण खात्याच्या बऱ्याच कामांना तिचं प्रमाणपत्र चालतं. वर्गात निम्म्यांचं लक्ष तिच्यावरच असे.

म्हणजे शिकवण्याची अडचण नव्हतीच. अडचण पुढे होती. जाहिरातीत लिहिलेलं असायचं, ‘चार वर्षांची पदवी आवश्यक’. सर्व्हर कोसळला तर तो उभा करणाऱ्याला पदवी कशाला लागते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मार्च 2022 मध्ये मेरीलँडचे रिपब्लिकन गव्हर्नर लॅरी होगन यांनी राज्य सरकारच्या हजारो पदांसाठी ही अट काढली. त्यात आयटीची पदं ठळक होती. पुढच्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅट जॉश शापिरो यांनी गव्हर्नर झाल्याबरोबर पहिल्याच आदेशात राज्याच्या 92 टक्के पदांची, म्हणजे सुमारे 65,000 जागांची अट उठवली. दोन विरोधी पक्ष एका गोष्टीवर सहमत झाले, हे तिथे अलीकडे क्वचितच घडतं. मग एप्रिल 2024 मध्ये फेडरल सरकारनेही जाहीर केलं की 2210 या क्रमांकाने ओळखली जाणारी आयटी पदांची अख्खी श्रेणी कौशल्य तपासून भरली जाईल. तिथे पदवीला अनुभवाचा पर्याय आधीही होता, पण अर्ज चाळणाऱ्याची नजर कागदावर आधी जाते, हातावर नंतर. त्यात भरतीला सरासरी शंभरेक दिवस लागतात. घरभाडं तेवढं थांबत नाही.

आता यातली सगळ्यात टोचणारी बाजू सांगते. संगणक-सुरक्षा शिकणाऱ्यांसाठी सायबरकोर नावाची एक फेडरल सरकारी शिष्यवृत्ती 2000 च्या सुमारास सुरू झाली. कम्युनिटी कॉलेजची मुलंही तिच्यात येतात. सरकार शिक्षणाचा खर्च आणि वर पोटापाण्याला पैसे देतं. बदल्यात जितका काळ शिष्यवृत्ती घेतली, तितका काळ सरकारी सेवा करायची. पदवीनंतर अठरा महिन्यांत अशी नोकरी मिळाली नाही, तर त्या शिष्यवृत्तीचं रूपांतर परत फेडायच्या कर्जात होतं. आणि जानेवारी 2025 मध्ये नव्या सरकारने आल्या दिवशीच फेडरल नोकरभरती गोठवली. ज्या सरकारने नोकरी करण्याची अट घातली, त्याच सरकारने नोकरीचं दार लावून घेतलं. घड्याळ मात्र चालूच राहिलं.

त्याच काळात न्यू यॉर्क राज्याने फेडरल नोकरीतून काढलेल्यांना आपल्याकडे बोलावणारी जाहिरात केली.

तिकडे मुलं-भाचरं असलेल्या श्रोत्यांसाठी दोन शब्द. फेडरल नोकरीला बहुतेक वेळा अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर भागत नाही. राज्य सरकारच्या बऱ्याच जागांना काम करण्याचा परवाना पुरतो. मला कुणी विचारलं तर मी आधी राज्याच्या जाहिराती बघायला सांगते, आणि दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घालायच्या आधी तिथल्या करिअर ऑफिसात विचारायला, की गेल्या वर्षी तुमच्या वर्गातली किती मुलं सरकारी कामावर रुजू झाली. आकडा सांगताना समोरचा अडखळला तर दुसरं कॉलेज बघा.

नमस्कार.