पाडलेल्या चाळीचा नकाशा कसा काढायचा? आणि म्हाताऱ्या माणसाला साल का विचारायचं नाही

नमस्कार मंडळी. गेल्या तीन-चार व्हिडिओंखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "आमची चाळ पाडली. फोटो दोन-तीनच आहेत. आजी आहे, मामा आहेत, शेजारचे एक-दोन जण आहेत. गल्लीची आठवण जमवायची कशी?"

सध्या 'जुनं सोलापूर' म्हणून रीलही खूप फिरतायत. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, इंद्रभुवन. सुंदरच आहेत, मीही थांबून बघतो. पण त्यात रात्रपाळी करून आलेला साचेवाला, म्हणजे गिरणीतला मागावरचा कामगार, नाही, मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळणारी अक्का नाही, साखर पेठेतला घरातल्या घरात चालणारा माग नाही. हे शहर त्यांनी चालवलं. त्यांची गल्ली कागदावर आली पाहिजे, आणि ते काम आपल्यातला कुणीही करू शकतो.

साहित्याचं पटकन सांगतो. ए-थ्री आकाराचे चार कोरे कागद, शिसपेन्सिल, खोडरबर, एक दोनशे पानी वही आणि फोन. बास.

नकाशाचं माप १ सेंटिमीटरला २ मीटर धरा. दहा फुटी खोली म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर येते, तिच्यात नंबर मावतो. एका कागदावर ८० मीटर गल्ली बसते. गल्ली लांब असेल तर दुसरा कागद जोडा, माप बारीक करू नका, नाहीतर खोल्या म्हणजे नुसत्या रेघा होतात. अंतर पावलांनी मोजायचं. आधी टेपने दहा मीटर आखून त्यावर चाला, तुमची किती पावलं होतात ते बघा. बहुतेकांची तेरा-चौदा होतात.

चाळ उरलीच नसेल तर अजून जागेवर असलेल्या तीन गोष्टी शोधा. मारुतीचं देऊळ, दर्गा, लिंबाचं झाड, आड, विजेची डीपी, काहीही चालेल. तीन पक्के बिंदू मिळाले की मधलं सगळं त्यांच्यावरून बसवता येतं. दोनच असतील तर नकाशा तिरका जातो.

आता दारांचा क्रम. "कोण कोण राहायचं?" असा प्रश्न टाकला की चार ठळक नावं येतात. एक पुढारी, एक पैलवान, एक भांडकुदळ आणि एक ज्याच्याकडे पहिला टीव्ही आला तो. बाकीची पंचवीस घरं गायब. त्याऐवजी माणसाला नळावर उभं करा. "अव्वा, तुम्ही घागर घेऊन नळावरून निघालात. पहिलं दार कुणाचं? त्याला लागून?" पाय चालायला लागले की नावं आपोआप येतात. आठवलं नाही तर ती खोली रिकामी ठेवायची, पुढच्या दाराला जायचं. रिकामी खोली पुसून रांग जुळवून घेऊ नका, सगळे नंबर एकेक घर सरकतात.

डावी-उजवी लिहू नका. हे फार जण चुकतात. गिरणीकडून येणाऱ्याची डावी ती गिरणीकडे जाणाऱ्याची उजवी. 'उगवतीची रांग', 'मावळतीची रांग' असं लिहा. नंबरही आपले आपण द्या, उगवत एक, उगवत दोन. महापालिकेचा घर नंबर शेजारी कंसात ठेवा, कारण तो बदललेला असू शकतो.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला, तो मुद्दा. साल विचारू नका.

"आजोबा, ही गोष्ट कुठल्या सालची?" हा प्रश्न विचारला की काय होतं? आजोबा थांबतात. परीक्षेला बसल्यासारखे होतात. मग काहीतरी गोल आकडा सांगतात, सत्तर साल, ऐंशी साल. तुम्ही तो लिहिता, आणि एकदा लिहिला की तोच खरा होतो. त्यापेक्षा 'आधी की नंतर' विचारा. आपल्या भागातल्या माणसाला पक्क्या आठवणाऱ्या खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्य निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरलं ती. निजामाची हद्द आपल्याला लागून होती, त्यामुळे खूप म्हाताऱ्या माणसांना ती आठवते. १९७२ चा दुष्काळ, म्हणजे रेशनवरची मिलो ज्वारी, वाटपाची सुकडी, खडी फोडायची कामं. जुलै १९७९, स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक पडणार म्हणून लोक घाबरले होते ते. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, भर दुपारी अंधारून आलेलं. आणि ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप, गणपती बुडवून लोक झोपले होते ती पहाट.

आता विचारा, "तुम्ही या खोलीत आलात ते दुष्काळाच्या आधी की नंतर?" नंतर. "ग्रहण लागलं तेव्हा इथेच होता?" हो, दारं लावून बसलो होतो. झालं. १९७२ आणि १९८० च्या मध्ये. तेवढंच लिहा. मधला १९७६ उचलून लिहू नका, तो तुमचा अंदाज आहे, आजोबांची आठवण नाही. अजून जवळ जायचं तर लेकरं विचारा. "तेव्हा थोरला कितवीत होता? धाकटी झाली होती का?" आईला स्वतःचं लग्नाचं साल सांगता येत नसलं तरी कुठलं लेकरू कडेवर होतं ते ती चुकत नाही.

गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आणि मार्कंडेयाचा रथ खूप जण खूण म्हणून सांगतात. त्यांचा उपयोग आहे, पण सालासाठी नाही. गड्डा म्हटलं की जानेवारी, रथ म्हटलं की नारळी पौर्णिमा. ऋतू कळतो.

"मिल बंद पडली तेव्हा" ही खूण मात्र अजिबात वापरू नका. ऐकायला पक्की वाटते, म्हणूनच ती सगळ्यात जास्त फसवते. एक तर मिल कुठली? १८७७ ची जुनी मिल वेगळी, नरसिंग गिरजी वेगळी, जाम मिल वेगळी. लक्ष्मी आणि विष्णू या मुळात दोन गिरण्या, आपण त्यांचं नाव एका दमात घेतो. आणि 'बंद पडली' म्हणजे काय? कुणी संपाला बंद म्हणतो, कुणी टाळेबंदीला, कुणी भोंगा थांबला त्या दिवसाला, तर कुणी हिशोबाचे पैसे हातात पडले त्याला. एकाच गिरणीतल्या दोन कामगारांच्या 'बंद'मध्ये कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. बदली कामगाराची, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी कामावर घेतात त्याची, गिरणी तर आणखी आधी बंद झालेली असते, कारण त्याला बदली मिळणंच आधी थांबतं. तेव्हा विचारा, "शेवटचा पगार घेतला तेव्हा घरात कोण कोण होतं?"

कमेंटमध्ये एकांनी लिहिलंय, "एवढा खटाटोप कशाला, आधारकार्डावरून वय काढा." दादा, तिथेच घोटाळा आहे. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकली आणि पुढे प्रत्येक कागदावर तीच चढत गेली. १ जून दिसली की ते सालही संशयितच धरा. एक-दोन वर्षं इकडेतिकडे सहज असतात, कधी जास्तही. म्हणजे "मी दहा वर्षांचा होतो" यात दाखल्याचं साल मिळवून काढलेलं उत्तर दोन्हीकडून चुकलेलं असतं.

कागदच हवे असतील तर त्यांनाही साल वेगळ्या वाटेनं विचारता येतं. भाड्याच्या पावतीवर आणे असतील तर ती बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीची किंवा त्याच्या आसपासची. नये पैसे असतील तर त्यानंतरची. वर 'नगरपालिका' छापलेलं असेल तर १ मे १९६४ च्या आधीची, कारण त्या दिवशी सोलापूरची महापालिका झाली. उरलेली जुनी पावतीपुस्तकं काही महिने चालवली जातात, तेवढी ढील ठेवा. पत्त्यात ४१३ ने सुरू होणारा पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा. तारीख फाटली असली तरी एवढं कळतं.

आणि ट्रंकेतल्या लग्नपत्रिका फेकू नका. नेमकी तारीख, पत्ता, 'आमचे येथे' म्हणून खोलीचा ठावठिकाणा, आणि खाली किलबिल करणाऱ्या पोरांची नावं, एवढं एका कागदावर दुसरीकडे कुठे मिळत नाही. वापराच्या दृष्टीने मी ती रेशनकार्डाच्या वर ठेवतो.

आता नावं. पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, भवानी पेठ, जोडभावी, अशोक चौकाकडे, एका आडनावाची सहा घरं एका बोळात असू शकतात. तिथे नुसतं आडनाव, तेलुगूत ज्याला इंटिपेरू म्हणतात ते, लिहून काम भागत नाही. त्याच्या शेजारी काम लिहा. वार्पिंगवाले, रंगखात्यातले, जेकार्डवाले, कांड्या भरणाऱ्या. लोक एकमेकांना तसंच ओळखायचे. बोलणारी व्यक्ती तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलत असेल तर बोलू द्या, मध्येच "मराठीत सांगा" म्हणू नका. गल्ली ज्या भाषेत जगली त्या भाषेत आठवते. अर्थ नंतर नातवंडांकडून लावून घेता येतो.

बायकांची नावं. जमवलेल्या याद्यांमध्ये बहुतेक ठिकाणी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच असतं, आणि याचा मला मनापासून राग येतो. गिरण्या बंद पडल्यावर कितीतरी घरं विडीवर चालली. घर चालवणारीचं नाव नाही आणि पारावर बसणाऱ्याचं आहे, हे बरोबर नाही. तिचं नाव, माहेरचं गाव, विडी कारखान्याच्या कुठल्या ब्रँचला विड्या द्यायची, हे तीन प्रश्न प्रत्येक दाराला विचारा. तिचं विडीचं लॉगबुक किंवा ओळखपत्र घरात असेल तर त्यावर तिचं स्वतःचं नाव सापडतं.

सेटलमेंटबद्दल, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबलेल्या वसाहतीबद्दल, बोलताना जास्त जपा. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला. त्याआधी तारेच्या कुंपणात ठेवलेली माणसं गिरण्यांत राबली आहेत. तुमच्या वहीत त्यांच्या नावापुढे त्या कायद्यातला शब्द येता कामा नये. जात, आजार, दारू, उधारी, हे कुणी सांगितलं तरी नकाशावर नको. हयात माणसाचं नाव त्याला विचारूनच घाला.

रेकॉर्डिंग थोडक्यात. पंखा बंद, फोन विमान मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर बोलणाऱ्यापासून एक-दीड वितीवर. स्टीलच्या ताटात किंवा टेबलावर तसाच ठेवला तर प्रत्येक ठोका ऐकू येतो. शेजारी पॉवरलूम असेल तर कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी जा, मागाचा आवाज नंतर नीट काढता येत नाही. पहिल्या दहा सेकंदांत तारीख, जागा, नाव बोलून घ्या. पाऊण तास झाला की थांबा. १२८ केबीपीएसच्या दर्जावर तासाला साधारण ५८ एमबी लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटोही तसेच. साधा पाठवला तर फोटो दाबला जातो आणि मागच्या पाटीवरची अक्षरं जातात. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकटच तिरक्या उजेडात टिपा.

आधी एकेकट्याला भेटा, मग चौघांना एकत्र बसवा. उलटं केलं तर ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते. आणि प्रत्येक गोष्टीपुढे 'पाहिलेलं' की 'ऐकलेलं' ते लिहा. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्म्यांना झालेली फाशी आपल्याकडे घराघरांत सांगतात. आज ऐंशी वर्षांचा माणूस ते डोळ्यांसमोर घडल्यासारखं सांगेल, पण ते त्याच्या वडिलांचं बोलणं आहे. ते बोलणंही मोलाचं आहे, फक्त खाली कुणाकडून आलं ते लिहा.

गेलेली माणसं शोधायची कुठे? विडी कामगार कुटुंबं बरीचशी कुंभारीच्या घरकुलात गेली आहेत. दहा हजार घरांची वसाहत आहे ती, तिथे आपल्या गल्लीतलं कुणी ना कुणी भेटतं. मागवाली घरं भिवंडीला, सुरतेला, पुण्याला पांगली. ती गड्ड्याला आणि रथाला येतात. तुमचा नकाशा त्या आठवड्याच्या आधी तयार ठेवा.

तो कच्चाच ठेवा. त्याची मोठी झेरॉक्स काढून जुन्या गल्लीच्या तोंडाशी, चहाच्या टपरीवर मालकाला विचारून लावा. रिकाम्या खोल्या रिकाम्याच दिसू द्या. शेजारी सुतळीनं पेन्सिल बांधा, पेन नको, कारण दुरुस्तीवर दुरुस्ती होणार आहे. रोज संध्याकाळी जाऊन फोटो घ्या, म्हणजे कुठलं नाव कधी आलं आणि कधी खोडलं गेलं ते राहील.