भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे? एकदाचं बोलूनच टाकू

नमस्कार मंडळी. आज खरं तर वेगळाच व्हिडिओ येणार होता. पण मागच्या वेळी बोलता बोलता मी म्हणून गेलो, "मी भाड्याच्या घरात राहतो आणि माझं बरं चाललंय." झालं. मूळ विषय राहिला बाजूला आणि कमेंटमध्ये जी जुंपली ती अजून चालूच आहे. "दादा, भाडं म्हणजे पाण्यात पैसे." "चाळिशीत रडशील." एकाने लिहिलंय, "तुझ्यासारख्यांमुळेच मराठी माणूस शहराबाहेर फेकला गेला." अरे बाबा, माझ्या एका वन बीएचकेवर एवढा भार नको टाकूस, आधीच त्याच्या बाथरूमचा स्लॅब गळतोय.

तर आज बोलूया. कर्ज म्हणजे काय, हप्ता म्हणजे काय, सिबिल म्हणजे काय, हे मी सांगत बसणार नाही, ते तुम्हाला येतं. मला फक्त एका वाक्याशी भांडायचंय. ते वाक्य असं: "अरे, भाड्यात थोडे घातले की हप्ता बसतो, आणि घर आपलं होतं!" लग्नात, बारशात, तेराव्यालासुद्धा मी हे ऐकलंय.

ही बघा वही. (वही कॅमेऱ्यासमोर) ७५ लाखांचा फ्लॅट धरा. बँक एवढ्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ६० लाख कर्ज आणि १५ लाख तुमच्या खिशातून. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. वर नोंदणीचे ३० हजार. ही झाली साडेपाच लाखांची फोडणी, आणि ही सल्ला देणाऱ्याच्या हिशेबात कधीच नसते.

आता ६० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता ५२ हजारांच्या आसपास. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात व्याज किती? ४२,५००. मुद्दल फिटतं साडेनऊ हजार. पुन्हा ऐका. ५२ हजार गेले, त्यातले साडेनऊ हजार "आपल्या घरात" गेले. बाकीचे बँकेला दिलेलं भाडं आहे. घराचं नाही, पैशांचं भाडं. मग हे पाण्यात नाहीत का?

नाही पटलं? दुसऱ्या बाजूने बघा. वर्षभर इमानदारीत हप्ते भरले, सव्वासहा लाख गेले. एप्रिलमध्ये बँकेचं स्टेटमेंट उघडलं तर कर्ज कमी झालंय १ लाख १९ हजारांनी. माझ्या आत्येभावाने हे स्टेटमेंट पाहिलं तेव्हा त्याला वाटलं बँकेकडून चूक झालीये. शाखेत गेला तावातावाने. तिथल्या मॅडमनी त्याला शांतपणे तक्ता काढून दाखवला. त्यात मुद्दलाचा आकडा व्याजाच्या वर जातो बाराव्या वर्षी. बाराव्या! परत येताना त्याने दोन चहा घेतले आणि मला फोन केला.

आणि तिसरं. तुलना हप्ता विरुद्ध भाडं अशी करायचीच नसते. भाडेकरूचं जे परत येत नाही ते एका बाजूला आणि घर घेणाऱ्याचं जे परत येत नाही ते दुसऱ्या बाजूला. मी राहतो त्याच सोसायटीत तसाच फ्लॅट २२ हजारांना भाड्याने मिळतो, ते २२ हजार गेले. मान्य. घर घेणाऱ्याच्या बाजूला काय गेलं? व्याज ४२,५००, मेंटेनन्स साडेतीन हजार, महापालिकेचा कर. शिवाय ते सुरुवातीचे १५ आणि साडेपाच मिळून साडेवीस लाख एफडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला अकरा हजारांच्या वर आले असते, तेही बुडाले. आता सांगा, पाणी कुठल्या बाजूला जास्त?

थांबा, टाइप करू नका. "भावही वाढतो ना!" वाढतो. काही ठिकाणी झकास वाढतो, काही ठिकाणी दहा वर्षं ढिम्म हलत नाही. भाडंही वाढतं, माझ्या करारात दर ११ महिन्यांनी ५ टक्के. हप्ता तेवढाच राहतो, हेही खरं... म्हणजे राहतो असं वाटतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि कर्जाचं व्याजही वाढलं तेव्हा आमचा हाच आत्येभाव खूश होता, "माझा हप्ता नाही वाढला!" हप्ता नव्हता वाढला, मुदत वाढली होती. आणि भाड्याने राहून उरलेले पैसे दर महिन्याला बाजूला पडणार नसतील, शूज आणि बिर्याणीत जाणार असतील, तर हा माझा सगळा हिशेब फाडून टाका आणि घर घ्या. निदान बँक तुमच्याकडून बचत करवून घेईल.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं समजू नका. २०१९ मध्ये मी स्वतः कात्रजच्या पुढे टू बीएचके बुक केला होता. का? तर मामा म्हणाला. आणि स्थळं बघणं चालू होतं, बायोडेटात "स्वतःचा फ्लॅट" असं लिहायचं होतं. एवढंच कारण. बांधकाम चालू असेपर्यंत प्री-ईएमआय, म्हणजे बँकेने बिल्डरला जेवढे दिले त्यावरचं नुसतं व्याज. मुद्दलातला एक रुपया हलत नाही. इकडे राहत्या घराचं भाडं चालूच. ताबा लांबत गेला. त्याच काळात मला नाशिकला मनासारखं काम मिळत होतं, पगार थोडा कमी. मी नाही म्हणालो. हप्त्याला घाबरून. पुढे बुकिंग रद्द केलं, बिल्डरने कापायचे तेवढे कापले. त्या पैशांचं मला फारसं वाटत नाही. नाशिकचं वाटतं.

आणि गंमत सांगू? मामाने स्वतःचं घर कधी बांधलं? ५४व्या वर्षी, प्रॉव्हिडंट फंडातून. तोवर सरकारी क्वार्टर. माझे आजोबा पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत उभा जन्म भाड्याने राहिले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली, मालक सहजासहजी काढू शकत नाही, मग कशाला घेतील घर? म्हणजे ज्या पिढीने पन्नाशीत घर केलं ती २७ वर्षांच्या पोराला सांगते, "उशीर होतोय." मामा खोटं बोलत नव्हता हं. त्याची एक नोकरी, एक गाव, पेन्शन. त्याने त्याच्या आयुष्याकडे बघून सांगितलं. माझ्याकडे बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

आता एक कमेंट वाचतो, कारण ही एकच कमेंट अशी आहे जिच्यापुढे माझी वही चालत नाही. एका ताईंनी लिहिलंय: "तीन वर्षांत चार घरं बदलली. नवरा नाही कळलं की मालकांचा आवाज बदलतो. कुणी विचारतं मासे करता का, कुणी विचारतं घरी कोण येतं. मी गेल्या वर्षी लहानसं घर घेतलं. महाग पडलं. पण आता दार लावलं की लागतं."

ताई, तुम्ही बरोबर केलंत. यात व्याजाचा तक्ता काढायचाच नसतो. तुम्हाला घर कशासाठी हवंय हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मला २०१९ मध्ये कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं, "मामा म्हणाला."

म्हणून ज्यांनी मला विचारलंय, "दादा, घेऊ की नको, एका शब्दात सांग," त्यांना मी नाही सांगणार. मग मी तुमचा मामाच झालो की. ११ जणांनी विचारलंय, मोजलेत मी.

बाकी माझ्या घरात काय? (कॅमेरा वळवत) हे कॅलेंडर बघा, दाराच्या कडीला अडकवलंय. कारण करारात कलम आहे, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. दार उघडलं की महिना हलतो. तीन वर्षं हेच चाललंय. पुढच्या महिन्यात करार संपतोय, वरच्या मजल्यावर मालकीणकाकूंकडे जायचंय. ५ टक्के देतो म्हणणार आहे, पण या वेळी एका खिळ्याची परवानगी मागणार आहे. काय म्हणतात ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.