पोटमाळ्याच्या दोन टोकांना

(दृश्य : इमारतीचा दर्शनी भाग, वरच्या मजल्याच्या उंच खिडक्या)

हेलसिंकीतला उल्लानलिन्ना हा भाग. इथून बंदर हाकेच्या अंतरावर. वरच्या त्या खिडक्यांमागे 1944 पासून तूवे यान्सन राहत होत्या. जागा घेतली तेव्हा युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी काचा फुटलेल्या होत्या. मूमिन या काल्पनिक जीवांच्या गोष्टींनी जगभर पोचलेल्या या लेखिका मुळात चित्रकार. पुढे याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला तूलिक्की पिएतिला राहायला आल्या. त्या छापचित्रकार, आणि यान्सन यांच्या जोडीदार. एकीच्या घरून दुसरीकडे जायचं तर रस्ता पोटमाळ्यातून.

(दृश्य : पोटमाळा, फळ्यांची बंद दारं)

यान्सन यांच्या 1989 च्या 'रेंट स्पेल' या कादंबरीचा नकाशाही हाच. इंग्रजीत ती 'फेअर प्ले' नावाने मिळते, अनुवाद थॉमस टील यांचा. मारी लिहिते, चित्रं काढते. योन्ना छापचित्रं करते, सुतारकाम करते, कॅमेरा चालवते. दोघी एकाच इमारतीच्या दोन टोकांना. फिनलंड काटेकोरपणे स्कँडिनेव्हियात येत नाही म्हणा, पण पुस्तक स्वीडिशमध्ये आहे आणि ग्रंथालयात ते स्कँडिनेव्हियन साहित्याच्याच कपाटात सापडतं.

प्रकरणं सतरा, सगळी छोटी. एका संध्याकाळी पुस्तक संपतं आणि इथेच वाचक फसतो. सलग वाचलं की प्रकरणं एकमेकांत मिसळतात आणि 'काही घडलंच नाही' असं वाटतं. एका बैठकीला दोन, फार तर तीन वाचावीत. प्रत्येकात काहीतरी काम चाललेलं असतं. ते काम आधी शोधावं. कोणी सुरू केलं, मधे कोण आलं, पुन्हा हात कधी लागला, एवढं पाहिलं की भांडण कुठे झालं आणि मिटलं कुठे, ते आपोआप कळतं. पहिल्याच प्रकरणात योन्ना मारीच्या भिंतीवरची चित्रं उतरवून नव्याने टांगते. कोणतं कशाशेजारी, कोणतं खालीच राहू द्यायचं, असा सगळा खल. दोघींचं नातं तिथे पुरतं उभं राहतं. प्रेमाची कबुली शोधत पानं उलटणाऱ्याच्या हातून मात्र ही भिंत निसटते.

(दृश्य : छापखान्यातलं टेबल, तांब्याचा पत्रा, राळेची पेटी)

योन्ना फटकळ आहे, हट्टी आहे. ती का तशी, हे तिचं काम पाहिल्यावर उमगतं. तांब्याच्या पत्र्यावरचं ॲक्वाटिंट घ्या, म्हणजे ॲसिडने छटा उठवायचं छापतंत्र. पत्रा आधी घासून गुळगुळीत करायचा, मग खडूच्या पुडीने त्यावरचा तेलकटपणा काढायचा. बोटाचा ठसा राहिला तरी तिथे डाग उमटतो. मग बंद पेटीत राळेची पूड उडवायची, जाड कण खाली बसेपर्यंत थांबायचं आणि पत्रा आत सरकवायचा. बारीक धूळ त्याच्यावर सारखी बसते. आता खालून आच द्यायची. पांढुरके कण पारदर्शक झाले, चमकले, की आच बंद. कमी तापलं तर कण सुटून येतात. जास्त तापलं तर राळ वितळून सलग थर होतो, ॲसिडला खाली शिरायला वाव उरत नाही आणि सगळं पहिल्यापासून.

(दृश्य : ॲसिडचा ट्रे, घड्याळ)

जो भाग पांढरा ठेवायचा त्यावर व्हार्निश. मग पत्रा ॲसिडमध्ये. फिकट छटेला काही सेकंद पुरतात, गडद छटेला कितीतरी मिनिटं. प्रत्येक छटेनंतर पत्रा बाहेर काढायचा, धुवायचा, सुकवायचा, आणखी थोडा भाग झाकायचा, परत बुडवायचा. या टप्प्यावर दार वाजलं तर कोण उघडणार? छटा एकदा खोल गेली की सहजासहजी मागे येत नाही.

(दृश्य : दाबयंत्र, ओलसर कागद उचलणारे हात)

शाई चोळायची, मलमलीने पुसायची, भिजवून टिपलेला कागद वर ठेवायचा, नमद्यासकट यंत्रातून काढायचा. पहिला ठसा पाहूनच पत्र्याचा खरा अंदाज येतो.

(दृश्य : होडीतून दिसणारा खडक, त्यावरची झोपडी)

हे क्लोवहारू, यान्सन आणि पिएतिला यांचं बेट. पोर्वोच्या पुढे, पेलिंगे द्वीपसमूहाच्या बाहेरच्या कडेला. 1964–65 मध्ये इथे एका खोलीची झोपडी उभी राहिली. चारही दिशांना खिडक्या, वीज नाही. पाहुणे आले की ते झोपडीत आणि या दोघी तंबूत. पुस्तकात अशाच एका बेटावर धुकं आहे, जाळी आहेत, वादळ आहे. होडीचं नाव व्हिक्टोरिया, कारण दोघींच्या वडिलांचं नाव व्हिक्टर. प्रत्यक्षातही तसंच होतं. 1971 मध्ये जपानमध्ये घेतलेला 8 मिलिमीटरचा कोनिका कॅमेराही कादंबरीत शिरला आहे. पिएतिला यांच्या त्या रिळांमधून पुढे माहितीपट झाले.

त्याच 1971 पर्यंत फिनलंडमध्ये समलैंगिक संबंध गुन्हा होते.

(दृश्य : स्टुडिओ, रिकामं टेबल)

इतकी साम्यं दिसल्यावर पुस्तक आत्मचरित्र म्हणून वाचायचा मोह होतो. तो आवरावा. सतराव्या प्रकरणात योन्नाला पॅरिसमध्ये वर्षभरासाठी स्टुडिओ मिळतो. अट अशी की तिथे एकटीनेच राहायचं. ती सांगायला कचरते. मारी विचार करते, आणि तिला जाणवतं की आपल्यालाही एकटीने काम करायचं आहे, आणि ते आपल्याला आवडेल. 1975 मध्ये यान्सन आणि पिएतिला खरोखरच पॅरिसला राहिल्या होत्या. दोघी एकत्र.