घासलं का नाहीस?

अध्यक्षमहोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो, समोर बसलेल्यांपैकी निदान निम्म्यांच्या दुकानांच्या पाट्या माझ्या वडिलांनी रंगवल्या आहेत आणि काहींची उधारी अजून त्यांच्या वहीत आहे. तेव्हा हे सभागृह मला परके नाही. पत्रिकेवर ‘समकालीन कला कशी पाहावी’ असा भारदस्त विषय छापला गेला आहे. चित्रकलेचे शिक्षण संपवून मला फार वर्षे झालेली नाहीत, त्यामुळे कलेचा इतिहास सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. विद्यार्थिनी म्हणून मी काय पाहिले, स्टुडिओत काय केले आणि त्यातून माझा एक हट्ट कसा तयार झाला, एवढेच मी सांगू शकते.

तो हट्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वेळ अपुरा पडला तरी चुटपुट राहणार नाही. कलादालनात शिरल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो तो ‘याचा अर्थ काय?’ हा. माझ्या मते तो दुसरा प्रश्न असावा. पहिला असावा ‘हे केलं कसं?’ एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आपल्यापैकी अनेकांनी दिल्या असतील. तेथे स्थिरचित्राला तांब्या, दोन कांदे आणि मागे चुण्या पडलेले कापड असे, आणि त्या कांद्याचा अर्थ काय असे कोणीही कधी विचारले नाही. तांब्याची कड नीट वळली आहे का, एवढीच सर्वांना चिंता असे. मोठेपणी मात्र तोच माणूस चित्रासमोर उभा राहिला की, पहिल्या मिनिटात अर्थ मागतो आणि दुसऱ्या मिनिटाला उपाहारगृहाची वाट विचारतो.

२०१९ सालच्या सुरुवातीला मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याच्या उद्घाटनातील भाषणावरून झालेला वाद आपण वर्तमानपत्रांत वाचला असेल. चित्रांविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे वाचायला मिळाले, ही माझी एक लहानशी तक्रार येथे नोंदवून ठेवते. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते आणि बाबा एका लग्नासाठी मुंबईला आले होते. लग्न लागले, जेवणे झाली, परतीची एसटी रात्रीची होती. मधली दुपार मी त्यांच्याकडून मागून घेतली. रिगलच्या चौकातील ती वास्तू म्हणजे १९११ साली बांधलेले कावसजी जहांगीर सभागृह. १९९६ पासून तेथे हे संग्रहालय आहे, आणि आत अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक चढत थेट घुमटापर्यंत जातात. लग्नातला कोरा शर्ट घातलेले बाबा त्या जिन्यावर, परीक्षेच्या खोलीत चुकून आलेल्या पालकासारखे दिसत होते.

मी उत्साहाने सांगू लागले : बरव्यांचा जन्म नागावचा, शिक्षण जे. जे.मध्ये, पुढे विणकर सेवा केंद्रात नोकरी, बनारसमधील वर्षे, तंत्रसाधनेतील प्रतीकांचा प्रभाव. बाबा ऐकत नव्हते. हात पाठीमागे बांधून आणि नाक चित्राला लागेल इतके वाकून ते एका सपाट, चकचकीत रंगाकडे पाहत होते. मग मान न उचलताच म्हणाले, “अगं, हा तर डब्यातला ऑइलपेंट.” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी खालच्या आवाजात म्हटले, “बाबा, एवढे मोठे चित्रकार आहेत, तुमचा खिडक्यांचा रंग कशाला लावतील?” त्यांनी बोटाने चित्राखालची चिठ्ठी दाखवली. तेथे माध्यम दिले होते : कॅनव्हासवर एनॅमल, म्हणजे तोच डब्यातला रंग.

पुढची वीस मिनिटे बाबा त्या एका चित्रासमोरून हलले नाहीत. कॅनव्हास उभा ठेवून एवढा सपाट हात बसणार नाही, ओघळ येईल, तेव्हा तो बहुधा आडवा ठेवला असणार, मधल्या कडेला ब्रशची रेघ दिसत नाही, म्हणजे रंग पातळ केला आहे आणि पहिला हात पूर्ण वाळेपर्यंत माणूस थांबला आहे, “घाईचं काम नाही हे.” हे सारे ते अंदाजाने सांगत होते, पण त्या अंदाजामागे तीस वर्षांचे पत्रे होते. त्यांचे बोलणे ऐकता ऐकता, वर्गात तीन व्याख्याने ऐकून जे मला समजले नव्हते ते दिसू लागले. बरव्यांच्या चित्रांतील घड्याळ किंवा पान जमिनीवर ठेवल्यासारखे का वाटत नाही, आठवणीत तरंगत असल्यासारखे का वाटते, याचे निदान एक कारण त्या रंगात आहे. हाताचा मागमूस न ठेवणारा तो सपाट पृष्ठभाग वस्तूचे वजनच काढून घेतो. अर्थ मला मिळाला, पण तो दाराने आला नाही, डब्यातून आला.

आता माझ्या खऱ्या गाऱ्हाण्याकडे येते. मी ज्या महाविद्यालयात शिकले त्याचे नाव येथे घेत नाही, कारण हा रोग एका संस्थेपुरता आहे असे मला वाटत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हात लावण्यापूर्वी एक पानभर संकल्पना लिहून द्यावी लागे, आणि ती मान्य झाल्याशिवाय सामान आणायचे नाही, असा दंडक होता. त्यामुळे आम्ही सर्वजण आधी कागदावर कलावंत झालो. स्मृती, अवकाश, देह आणि विस्थापन हे चार शब्द फिरवून-फिरवून वसतिगृहातील एक मुलगा इतरांच्या संकल्पना लिहून देत असे आणि मोबदल्यात मिसळ खात असे; त्या वर्षी त्याचे वजन वाढले.

मी लिहून दिले होते एक आणि घडले दुसरेच. फ्लेक्स आल्यानंतर बाबांचे काम जवळजवळ थांबले. त्यांच्या जुन्या वहीत मला बंद पडलेल्या दुकानांची यादी सापडली : सायकलवाला, पिठाची गिरणी, रेडिओ दुरुस्ती, आणि प्रत्येकापुढे अक्षरांची संख्या व दर. तीन बाय दोन फुटांचे सात पत्रे आणून मी त्या पाट्या पुन्हा रंगवायला घेतल्या. रेड ऑक्साइडचा एक हात, पांढऱ्याचे दोन, खडूच्या दोऱ्याने ओळी, मग अक्षरे. तिसऱ्या पाटीत एक वेलांटी बिघडली, म्हणून मी वैतागून संपूर्ण पत्र्यावर पांढऱ्याचा हात फिरवला आणि झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला तेव्हा पांढऱ्याखालून अक्षरे वर आली होती. रंग दिसत नव्हता. फक्त कड दिसत होती, केसाएवढी उंच, आणि तिला केसाएवढीच सावली. उजेड सरकला तशी पाटी पुन्हा कोरी झाली. मी सातही पत्रे पांढरे करून टाकले.

परीक्षक भर दुपारी बाराला आले. डोक्यावर चार ट्यूबलाइट, समोर सात कोरे पत्रे आणि शेजारी वेगळ्याच कामाची संकल्पना. मी विनवले, की पाच वाजता या. त्यांना पाचची गाडी होती. एकाने ‘विस्मरणाचे राजकारण’ असे काहीतरी टिपून घेतले, दुसऱ्याने काम अपुरे असल्याचे सांगितले, आणि गुण दुसऱ्याच्या मताप्रमाणे पडले. मी आज हसून सांगत असले तरी तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी बाबा सामान न्यायला आले, त्यांनी एक पत्रा उचलून दाराकडे तिरपा धरला, अंगठा फिरवला आणि विचारले, “घासलं का नाहीस?” जुनी पाटी नव्याने रंगवताना पॉलिश पेपरने घासली नाही तर जुने अक्षर वर येते आणि गिऱ्हाईक पैसे कापते; त्यांच्या धंद्यात तो दोष आहे. पण माझ्या कामाविषयी मला विचारला गेलेला तो एकमेव नेमका प्रश्न होता. दुकाने गेली आणि ती कोणी घासून टाकली नाहीत, हे माझ्या संकल्पनेच्या पानावर कुठेच नव्हते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. त्यांनी दहा मिनिटे लिहिली आहेत, पण मला त्यांचा हसरा चेहरा पाहता पाचच दिसतात, तेव्हा वचन दिलेला विषय आता धावतपळत उरकते.

चित्रकार जितिश कल्लाट यांनी २००३ साली नेहरूंचे स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचे भाषण आरशांवर लिहिले. केले कसे? अक्षरे रबराच्या चिकट द्रावाने लिहिली आणि पेटवून दिली. आचेने आरसे वाकले, म्हणून ते भाषण वाचताना आपलाच चेहरा वेडावाकडा दिसतो. त्याच्या आदल्या वर्षीच्या गुजरातेतील दंगली आठवल्या की, पुढे स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. शिल्पा गुप्ता यांचे काम कोचीच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, २०१८-१९च्या पर्वात होते : तुरुंगात डांबल्या गेलेल्या शंभर कवींच्या ओळी, प्रत्येकीचा कागद धातूच्या टोकदार सळईत खुपसलेला, आणि वर शंभर मायक्रोफोन लटकलेले. ते मायक्रोफोन ऐकत नाहीत, बोलतात. त्यांच्यातून आवाज बाहेर येतो. हे एवढे एक उलटे जोडकाम लक्षात आले की, पुढचे अंगावर येते. चंद्रपूरच्या खाणपट्ट्यातले प्रभाकर पाचपुते थेट भिंतीवर कोळशाने चित्र काढतात. त्यांच्या घरातील माणसांनी पिढ्यानपिढ्या कोळसा खणला आहे. तेव्हा तेथे माध्यम निवडले असे म्हणायचे, की वारशात आले, हे ज्याने-त्याने ठरवावे.

आता कोणीतरी केळे काढणार, हे मला ठाऊक आहे. इटालियन कलावंत मौरिझिओ कातेलान यांनी २०१९ साली मायामीत भिंतीला टेपने चिकटवलेले ते केळे. पहिल्यांदा एक लाख वीस हजार डॉलरला गेले आणि २०२४च्या लिलावात त्याची एक प्रत शुल्कासह बासष्ट लाख डॉलरला. तेथे ‘केलं कसं’ विचारून काय मिळणार? मिळते. घेणाऱ्याला हाती पडते ते प्रमाणपत्र आणि केळे कसे लावायचे याच्या सूचना. केळे सडले की नवे आणायचे. म्हणजे ते काम कागदाने केलेले आहे, आणि त्यावर रागवायचे असेल तर केळ्यावर न रागवता त्या कागदावर रागवावे. माझा स्वतःचा राग निम्माच उतरला आहे.

माझ्या सात पत्र्यांपैकी चार घरी जळणाच्या लाकडांवर पावसाळ्यात घालतो, दोन वसतिगृहातून कोणी नेले ते कळले नाही. सातवा बाबांनी ठेवून घेतला, कारण पत्रा चांगल्या जाडीचा होता. आजच्या व्याख्यानाचा जो फलक आपण दाराशी पाहिलात तो त्यावरच रंगवलेला आहे, आणि मी हात जोडून सांगितल्यामुळे त्यांनी तो घासलेला नाही. आता अंधार पडला आहे. फलक दोन दिवस तेथेच राहणार आहे. पाच-साडेपाचला जाऊन, डाव्या बाजूने पाहिलात तर माझ्या नावाखाली पिठाची गिरणी दिसेल.