कोजागिरीची रात्र आणि चार बोटं पाणी

नमस्कार. मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. मला बोलायला सांगितलंय अमेरिकेतल्या वादळावर, आणि समोर बसलेत श्रीवर्धन-दिवेआगरची माणसं, ज्यांनी 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ अंगावर घेतलंय, म्हणजे तुम्हाला वादळ काय असतं ते मी सांगायचं हा जरा आगाऊपणाच झाला. पण एक फरक आहे. तुमचं जास्त करून वाऱ्याने नेलं, सुपारीच्या बागाच्या बागा झोपल्या, पत्रे उडाले. आमच्याकडे सँडी आलं ते पाणी घेऊन.

2012 ची गोष्ट. 29 ऑक्टोबर, सोमवार, आणि त्या दिवशी होती कोजागिरी. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, तिकडे मराठी माणूस चिक्कार, पाच-सहा घरांची कोजागिरी त्या वर्षी आमच्याकडे ठरलेली, बायकोने दोन गॅलन दूध आणून ठेवलेलं, चारोळी, केशर, सगळं. अर्थात सगळं कॅन्सल. शाळा बंद, ऑफिसं बंद, ट्रेन बंद. रात्री आठच्या सुमाराला लाईट गेली ती आमच्याकडे नऊ दिवस आली नाही. दूध काय टाकणार, गॅसवर आटवलं आणि मेणबत्तीत बसून प्यायलो. चंद्र कुठे दिसणार!

आता कोजागिरी म्हणजे पौर्णिमा, आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, हे इथे कुणाला सांगायला नको. तिकडे टीव्हीवाले दोन दिवस ग्राफिक्स काढून हेच समजावत होते. सँडी किनाऱ्याला लागलं संध्याकाळी साडेसातच्या आसपास, अटलांटिक सिटीच्या जरा वर, ब्रिगँटीनजवळ, आणि न्यूयॉर्क बंदरात भरती पुरी भरायची वेळ नऊच्या आगेमागे. म्हणजे उधाणाची भरती आणि वर वादळाचा फुगवटा, एकाच वेळी.

वारा होता ताशी 130 किलोमीटर. त्यामुळे लोक म्हणाले, हॅ, ही तर कॅटेगरी वन, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. आदल्याच वर्षी आयरीन वादळाचा गाजावाजा झाला होता आणि न्यूयॉर्क शहरात त्या मानाने काहीच झालं नव्हतं, मग कोण घर सोडतंय. पण ही कॅटेगरी फक्त वाऱ्याची असते, पाण्याची नाही. आणि सँडी आकाराने अवाढव्य होतं, जोराच्या वाऱ्याचा पसारा दीड हजार किलोमीटरहून मोठा, मुंबई-दिल्ली विमानाचं अंतर त्यात आरामात मावेल. एवढा वारा दिवसन् दिवस पाणी ढकलत राहिला तर ते जाणार कुठे? शिवाय तिथे न्यू जर्सीचा किनारा आणि लाँग आयलंड यांचा काटकोन होतो, त्या कोपऱ्यात न्यूयॉर्क बंदराचं तोंड. आपल्या खाडीत वारं आत घेऊन भरती शिरते तेव्हा काय होतं ते तुम्ही बघताच, तसंच, फक्त तिथे तोंडाशी मॅनहॅटन आहे.

त्यात ही वादळं सहसा उत्तरेकडे जाऊन उजवीकडे समुद्रात वळतात, याने डावीकडे वळण घेतलं कारण उत्तर अटलांटिकवर उच्च दाबाचा अडसर बसला होता, आणि ते जवळजवळ सरळ काटकोनात किनाऱ्यावर आदळलं.

मॅनहॅटनच्या टोकाला बॅटरी म्हणून जागा आहे, तिथे समुद्राची पातळी मोजतात. 1960 च्या डॉना वादळात तिथे पाणी ओहोटीच्या पातळीपासून 10 फुटांवर गेलं होतं, तो रेकॉर्ड. सँडीत ते 14 फुटांवर गेलं. तिथलं साऊथ फेरी मेट्रो स्टेशन, 2009 ला नवं करकरीत उघडलेलं, पार बुडालं, आणि परत सुरू व्हायला 2017 उजाडलं. न्यूयॉर्कच्याच किनाऱ्यावरच्या ब्रीझी पॉइंटला तर रस्त्यावर पाणी आणि वर आग, शंभराहून जास्त घरं जळाली, पाण्यामुळे बंबांना पोचताच येईना. न्यू जर्सीतल्या सीसाइड हाइट्सचा रोलर कोस्टर समुद्रात उभा असल्याचा फोटो तुम्ही बघितला असेल.

मला जे आठवतं ते मात्र एका मित्राचं घर. रॅरिटन खाडीच्या काठी. पेट्रोलचा असा दुष्काळ की पंपांच्या टाक्यांत पेट्रोल आहे आणि उपसायला वीज नाही, मग सरकारने गाडीच्या नंबरावर सम-विषम लावलं, माझा नंबर सम, म्हणून 4 नोव्हेंबरला रांग लावून पेट्रोल भरलं आणि तिकडे गेलो. तिकडची घरं आतून शीटरॉकची, म्हणजे कागदात गुंडाळलेला जिप्सम. भिजलं की बिस्कीट. भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ सरळ फूटपट्टीने मारल्यासारखी, आणि ती रेघ विजेच्या प्लगच्या बरोब्बर चार बोटं वर. मी हात लावून बघितला. चार बोटं खाली थांबली असती तर गालिचे आणि फर्निचर गेलं असतं, वाईटच, पण घर राहिलं असतं. खारं पाणी वायरिंगमध्ये गेलं म्हणजे सगळं उघडा, कापा, नवीन टाका. आम्ही चार फुटांपर्यंत भिंती कापून रस्त्यावर ढीग घातला, आत बुरशी धरायला लागलेलीच. मग विमेवाला आला आणि त्याचा प्रश्न काय, तर नुकसान वाऱ्याने झालं की पाण्याने? कारण घराच्या विम्यात पूर नसतो, त्याची पॉलिसी वेगळी. मित्राकडे नव्हती.

आता क्लायमेट चेंज. लोक विचारतात, सँडी त्याच्यामुळेच आलं का? असं हो किंवा नाही करता येत नाही. त्या डाव्या वळणात आर्क्टिकचा बर्फ वितळण्याचा हात आहे का यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं, आणि हवा एक डिग्री गरम झाली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरते, म्हणजे पाऊस वाढतो. पण मला सगळ्यात पक्की वाटते ती साधी गोष्ट. बॅटरीला समुद्र शंभर वर्षांत साधारण एक फूट वर आलाय. त्यातलं थोडं जमीन खचल्यामुळे, हिमयुगात उत्तरेकडच्या बर्फाच्या ओझ्याने कडेचा हा भाग वर उचलला गेला होता, ते ओझं उतरल्यापासून तो अजून हळूहळू खाली बसतोय, त्यात आपला दोष नाही. बाकीचं समुद्र तापून फुगतो आणि जमिनीवरचा बर्फ वितळतो म्हणून. 2021 मध्ये एक अभ्यास आला, त्यात माणसाच्या वाट्याचं पाणी काढलं साधारण 10 सेंटीमीटर. चार बोटं आणि वर अंगठा. आणि तेवढ्या पाण्याचे सँडीत झालेले जास्तीचे पैसे किती, तर 8 अब्ज डॉलर, 60 अब्जांवरच्या एकूण नुकसानीपैकी. आणि ते नसतं तर 71 हजार माणसं पाण्यात आलीच नसती.

मी आकडा वाचला आणि मला ती रेघ आठवली. मित्राच्या घरातली चार बोटं हीच, असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध करता येणार नाही. पण पाणी असंच काम करतं. उंबरठ्याच्या खाली असेपर्यंत तुम्ही बघत उभे राहता, उंबरठा ओलांडला की हिशेबच बदलतो.

आमच्या शेजारच्या वुडब्रिजमध्ये, म्हणजे ज्या ओक ट्री रोडवर आपण भाकरीचं पीठ आणि कोथिंबीर आणायला जातो तो रस्ता ज्या गावातून जातो तिथेच, सरकारने नदीकाठची शंभराहून जास्त घरं वादळाआधीच्या भावाने विकत घेतली, ज्यांना द्यायची होती त्यांचीच, आणि पाडून टाकली. ब्लू एकर्स म्हणतात त्या योजनेला. मी एकदा भाजी घेऊन परत येताना तिकडून गाडी घातली. रस्ता आहे, दिव्याचे खांब आहेत, आग विझवायच्या पाण्याचा लाल नळ आहे, आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत.

चला, आता प्रश्न घेऊया. तुम्ही विचारा काका, माईक देतो.